चार खात्यांचं एक लेकरू

नागपुरातल्या महालात बडकस चौकाजवळ ऑटो थांबवून "सरकारी दवाखान्यात न्या" म्हणालात, तर ऑटोवाला उलट विचारेल, "कोन्त्या भाऊ? डागात, मेयोत का मेडिकलला?" प्रश्न रास्त आहे. गांधीबागेतलं डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय महालाला लागूनच. सेंट्रल अव्हेन्यूवरचं मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, थोडं पुढे. मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दुसऱ्या दिशेला, हनुमाननगरात. कोतवालीच्या अंगाला महापालिकेचं प्रभाकरराव दटके रोगनिदान केंद्र. मिहानकडे गेलात तर एम्स. शिवाय केळीबाग रस्त्यापासून सक्करदऱ्यापर्यंत बालरोगतज्ज्ञांच्या पाट्या जागोजाग. लहान मुलाला डॉक्टर मिळायची अडचण महालात नाही. भोसल्यांच्या या जुन्या वस्तीइतके दवाखाने हाताशी असलेली जागा विदर्भात क्वचितच सापडेल.

अडचण वेगळीच आहे. डागा चालवतो सार्वजनिक आरोग्य विभाग. मेयो आणि मेडिकल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. दटके केंद्र महापालिकेचं, एम्स केंद्र सरकारचं. लेकरू जन्मतं डागात, लस घेतं महापालिकेच्या केंद्रात, ताप चढला की गल्लीतल्या डॉक्टरकडे जातं आणि रात्री अचानक पांढरं पडलं की मेडिकलच्या अपघात विभागात पोचतं. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात वाचला जाईलच असं नाही. त्या चारही ठिकाणचे केसपेपर एकत्र कुठे असतात? आईच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्यात सोनोग्राफीची घडी पडलेली फिल्म असते, तीन वेगवेगळ्या नोंदणी क्रमांकांच्या चिठ्ठ्या असतात, रक्ताचा एखादा रिपोर्ट असतो, ज्यावरची शाई उडालेली आणि नेमका 'पॅटर्न' लिहिलेला कोपरा फाटलेला. या शहरातली मुलांची आरोग्ययंत्रणा जोडून ठेवणारी एकमेव वस्तू ती पिशवी, असं मला फार दिवस वाटत आलं आहे. पिशवीच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे: नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांचं एकमेकांशी असलेलं बोलणं. हा लेख त्याबद्दल आहे, आणि ते दाखवायला सिकलसेलसारखा दुसरा आजार नाही.

'पॅटर्न' हा शब्द विदर्भात शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक असतो. "माह्या पोराचा एसएस पॅटर्न हाये, माहा एएस." आईबापाकडून एकेक सदोष जनुक आलं की मूल एसएस, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आलं की एएस, म्हणजे वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो. एसएस मुलाच्या लाल पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडल्यासारखी दुखतात. पहिलं लक्षण बहुधा वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच दिसतं. हातापायांची बोटं फुगतात, लेकरू पाऊल टेकत नाही. घरात कुणी म्हणतं मुरगळलं, कुणी म्हणतं वात आहे. तेल लावलं जातं. चार दिवसांत सूज उतरते आणि विषय मागे पडतो.

मध्य भारतातल्या या आजाराची नोंद जगापुढे गेली ती नागपुरातूनच. १९५८ साली मेडिकलमधल्या आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयी लिहिलं. त्याच्या सहा वर्षं आधी देशातल्या पहिल्या नोंदी निलगिरीतल्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत झाल्या होत्या. नागपुरात हा दोष ठळकपणे दिसला तो तेव्हाच्या महार समाजात. साल लक्षात घ्या: दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेला दोन वर्षंही पुरती झाली नव्हती. आजाराला जात चिकटली की दोन नुकसानं होतात. ज्यांना तो आहे त्यांच्या सोयरिकी अडतात, आणि बाकीच्यांना वाटतं हा आपला नाहीच. कुणबी, तेली, गोंड, परधान अशा कितीतरी समाजांत तो आहे; पण "आमच्यात नसते ते" हे वाक्य आजही ऐकू येतं, आणि त्या वाक्यापायी तपासणी टळते.

दुसरी एक समजूत डॉक्टरांमध्ये होती, ती मोडायला अधिक वेळ लागला. १९८६ साली ओडिशातल्या रुग्णांची जमैकातल्या रुग्णांशी तुलना झाली आणि ओडिशातला आजार सौम्य आढळला. इथल्या रुग्णांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, ते पेशींना वाकू देत नाही, असं कारण मिळालं. तर्क चुकीचा नव्हता. पण त्यावरून 'भारतातला सिकलसेल सौम्य' असा सरसकट निष्कर्ष रूढ झाला, आणि सौम्य म्हटलं की सरकारची घाईही सौम्य होते. मेडिकलच्या बालरोग वॉर्डात मात्र वेगळं दिसत होतं. वारंवार दुखणं, वारंवार रक्त चढवणं, न्यूमोनिया, काही वेळा पक्षाघात. तिथल्या बालरोग विभागाच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वर्षानुवर्षं नोंदवून ठेवलं आणि छापलं. विदर्भातली एसएस मुलं सौम्य आजार घेऊन येत नाहीत, हे आज ठामपणे म्हणता येतं ते अशा नोंदींमुळे.

या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते औषधाच्या मात्रेचं. हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध शरीरात गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं; दुखण्याचे झटके कमी होतात. अमेरिकेत ते देताना मात्रा हळूहळू वाढवत शरीर सोसेल तिथवर नेतात, आणि त्यासाठी वरचेवर रक्त तपासावं लागतं, कारण औषध पांढऱ्या पेशीही घटवतं. आता लांबच्या अहेरीहून किंवा देवरीहून येणाऱ्या बापाला दर पंधरवड्याला रक्त तपासायला बोलवा बरं. एक फेरी म्हणजे त्याची एका दिवसाची मजुरी, बहुधा दोन दिवसांची. नागपुरात गंभीर आजार असलेल्या ६० मुलांवर एक काटेकोर चाचणी झाली. वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, एवढीच ठरावीक कमी मात्रा निम्म्यांना दिली, उरलेल्यांना नुसती दिसायला तशी गोळी. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले: कमी मात्रेनेही दुखण्याचे झटके, रक्त चढवण्याची गरज आणि भरती होण्याच्या वेळा लक्षणीय घटल्या. कागदावर हा औषधशास्त्राचा निष्कर्ष आहे. मला तो एसटीच्या तिकिटाचा निष्कर्ष वाटतो. कमी मात्रा म्हणजे कमी धोका, कमी तपासण्या, कमी फेऱ्या. आरोग्यातली समता ज्याला म्हणतात ती गरीब घरात शेवटी फेऱ्यांच्या हिशेबात मोजली जाते.

तरी घोडं अडतंच. कॅप्सूल बहुधा ५०० मिलिग्रॅमची मिळते. दहा किलोच्या लेकराला लागतात १००. मग कॅप्सूल फोडून पाण्यात कालवायची आणि त्यातलं किती मिलिलिटर पाजायचं ते आईला सिरिंजवर खूण करून दाखवायचं, किंवा मोठं मूल असेल तर दोन-तीन दिवसांतून एक कॅप्सूल द्यायची, अशा युक्त्या चालतात. मुलांसाठी कमी मात्रेचं, पातळ स्वरूपातलं औषध देशात सहज मिळावं यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अलीकडे पावलं उचलली. १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये नोंद, आणि लेकराच्या मापाचं औषध सगळ्यांपर्यंत अजून पोचायचंच आहे.

*

तपासणी कशी होते ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. एका छोट्या नळीत रसायन, त्यात बोटातून काढलेला रक्ताचा थेंब. पाच मिनिटांनी नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर चिंता नाही. द्राव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह'. स्वस्त, सोपी, आशाताईंच्या शिबिरात होणारी चाचणी. पण एएस कोण आणि एसएस कोण हे ती सांगत नाही. त्यासाठी रक्त मोठ्या यंत्रावर जावं लागतं. आणि नवजात बाळात तर ती फसतेच, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन भरलेलं असतं. सहा महिन्यांपर्यंत ही नळी खोटा दिलासा देऊ शकते. नेमक्या त्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षात एसएस बाळ सगळ्यात जास्त धोक्यात असतं. पांथरी, जी जंतूंना गाळते, ती निकामी व्हायला लागते. साधा वाटणारा ताप चोवीस तासांत जीव घेऊ शकतो.

म्हणून जन्मल्या-जन्मल्या टाचेतून रक्ताचे थेंब घ्यायचे आणि यंत्रावर तपासायचे, हा मार्ग. मेडिकलच्या बालरोग विभागाने मुंबईच्या राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेसोबत हे केलं. ज्या मातांची सिकलिंग चाचणी पॉझिटिव्ह आली होती त्यांच्या २,१३४ बाळांची तपासणी झाली. १०४ बाळं एसएस निघाली, सातांना सिकल-बीटा थॅलेसेमिया होता आणि ९७८ वाहक होती. म्हणजे अशा मातांच्या दर वीस बाळांमागे साधारण एक रुग्ण. रुग्ण बाळांना पेनिसिलिन, लशी आणि फॉलिक ॲसिड देत पुढे काही वर्षं पाहण्यात आलं. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पेनिसिलिनचा फायदा नवा नव्हता: १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत रोजच्या पेनिसिलिनने एसएस मुलांमधला न्यूमोकॉकसचा जीवघेणा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाल्याचं सिद्ध झालंच होतं. तिथे आज प्रत्येक बाळाची जन्मताच तपासणी होते. आपल्याकडे डागात जन्मलेल्या बाळाची होईल की नाही हे आईची चाचणी झाली होती का, आणि तिचा कागद प्रसूतीच्या टेबलापर्यंत पोचला का, यावर ठरतं.

सात बाळांना सिकल-बीटा थॅलेसेमिया, हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. तो नागपूर शहराचा नकाशाच आहे. जरीपटक्यात फाळणीनंतर वसलेला सिंधी समाज, त्यात थॅलेसेमियाचं जनुक जुनं. उत्तर आणि पूर्व नागपुरात, महाल-इतवारीच्या आजूबाजूच्या वस्त्यांत सिकलसेल. एका आजाराला शेठजींचा म्हणायचं आणि दुसऱ्याला गरिबाचा, अशी वाटणी रक्त पाळत नाही. जरीपटक्यातले बालरोगतज्ज्ञ डॉ. विंकी रुघवानी यांनी थॅलेसेमिया आणि सिकलसेल या दोन्हींसाठी एकच संस्था चालवली हे म्हणूनच शहाणपणाचं. बोनमॅरो जुळतो का हे पाहण्यासाठी भावंडांची मोफत शिबिरं, दिवसभरात रक्त चढवून संध्याकाळी घरी सोडण्याची सोय, हे त्यातून उभं राहिलं. दुसऱ्या बाजूने डॉक्टर नसलेली माणसंही झटली. संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून रुग्णांची संघटना बांधली, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला, एसटीत रुग्णांना मोफत प्रवास मिळाला. डॉक्टरांच्या हातात जे नसतं ते असं बाहेरून यावं लागतं.

खासगी डॉक्टरांचा यातला वाटा आपण कमी धरतो. महालातल्या लेकराला पहिल्यांदा हात लावतो तो मेडिकलचा प्राध्यापक नसतो, कोपऱ्यावरचा बालरोगतज्ज्ञ असतो. फुगलेली बोटं पाहून वेदनाशामक देऊन पाठवायचं की "आईचा पॅटर्न काय?" असं विचारायचं, यात त्या लेकराची तीन-चार वर्षं दडलेली असतात. नागपुरातली बालरोगतज्ज्ञांची अकादमी ही १९६३ साली स्थापन झालेल्या भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शाखा. तिच्या बैठकांत सरकारी विभागप्रमुख आणि खासगी दवाखानेवाले एकाच रांगेत बसतात, केस मांडतात, एकमेकांना खोडतात. नागपूरचेच डॉ. वसंत खळतकर २०२५ मध्ये या संघटनेचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. संघटनांच्या हारतुऱ्यांत मला रस नाही. पण डागातल्या डॉक्टरचा मोबाइल नंबर महालातल्या डॉक्टरकडे असतो तो अशाच बैठकांमुळे. चार खात्यांना जोडणारा शासन निर्णय निघेल तेव्हा निघो.

आयांना शिकवण्याचं कामही याच साखळीतलं. जमैकात ग्रॅहॅम सर्जंट यांनी १९७३ पासून एक लाख बाळं तपासली आणि रुग्ण बाळांच्या आयांना पोटावर हात ठेवून पांथरी चाचपायला शिकवलं. त्यामुळे पांथरीत रक्त साचून होणारे मृत्यू घटले. ही युक्ती इथेही वापरतात. डाव्या बरगडीखाली चार बोटं टेकवायची, लेकरू श्वास घेईल तेव्हा काही कडक लागतं का पाहायचं. रोज, आंघोळीच्या वेळी. वाढलेली वाटली आणि लेकरू पांढरं दिसलं तर चिठ्ठीची वाट न पाहता सरळ भरती. एकही यंत्र नाही, एकही फेरी नाही.

फेऱ्या वाचवण्याचा आणखी एक प्रयोग याच शहरात झाला. डॉ. अर्चना पटेल या बालरोगतज्ज्ञ आणि लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन यांनी नागपुरातल्या चार रुग्णालयांतल्या १,०३६ गरोदर स्त्रियांबरोबर काम केलं. निम्म्या जणींना आठवड्यातून एक फोन आणि रोज एक संदेश; विषय फक्त बाळाला अंगावर पाजण्याचा. सहा महिन्यांनी फोन मिळालेल्यांपैकी ९७.३ टक्के निव्वळ अंगावर पाजत होत्या, इतरांपैकी ४८.५ टक्के. पोषणाच्या बाबतीत आपण किती मागे आहोत हे पाहता हा फरक साधा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली निघाली. दुसरा आकडा देशाच्या सरासरीहून, म्हणजे १९.३ टक्क्यांहून, वाईट आहे. श्रीमंत राज्य म्हणवून घेताना तो लक्षात असू द्यावा.

*

डॉक्टर एकमेकांशी बोलले तर काय होतं, आणि बोलायला उशीर झाला तर काय, हे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. लोक ओरडून तिला इडा-पिडा, रोगराई, खोकला घेऊन जायला सांगतात. त्या वर्षी मारबत निघाल्यानंतरच्या काही आठवड्यांत सव्वाशे किलोमीटरवरच्या छिंदवाडा जिल्ह्यातून लेकरं नागपूरच्या सरकारी-खासगी रुग्णालयांत येऊ लागली. साधा ताप-खोकला झालेली, आणि लघवी बंद पडलेली. आधी मेंदूज्वराची शंका आली. पण वेगवेगळ्या अतिदक्षता विभागांतली मुलं एकाच भागातली आहेत, सगळ्यांची मूत्रपिंडंच गेली आहेत, हे जुळवून पाहिल्यावर विषाकडे बोट गेलं. मूत्रपिंडाच्या तुकड्याच्या तपासणीतही तसंच दिसलं. तमिळनाडूतल्या कारखान्यात बनलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. चालू शकणारं प्रमाण ०.१ टक्का. वीसहून अधिक मुलं गेली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली याच रसायनाने १४ रुग्ण दगावले होते, लेंटिन आयोग नेमला गेला होता. चाळीस वर्षांत आपण काय शिकलो, हा प्रश्न औषध प्रशासनाला विचारायचा, डॉक्टरांना नव्हे.

डॉक्टरांना विचारायचा प्रश्न निराळा. केंद्राने तेव्हा पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाचाखालीही शक्यतो नकोत. बालरोगतज्ज्ञ हे कितीतरी आधीपासून जाणतात. तरी बाटली लिहिली जाते, कारण आई म्हणते, "एवढ्या दुरून आलो, काहीतरी द्या." पाच मिनिटं समजावण्यापेक्षा बाटली लिहिणं सोपं पडतं. गरिबाच्या लेकराला औषध कमी मिळतं हे अर्धंच खरं. नको ते औषध त्यालाच जास्त मिळतं हेही खरं.

बदल होतो आहे, नाही असं नाही. न्यूमोनियाची पीसीव्ही लस २०२१ मध्ये देशभर सरकारी लसीकरणात आली. त्याआधी खासगीत तिच्या एका डोसला हजारो रुपये पडायचे, आणि पांथरी गेलेल्या एसएस मुलाला ती सगळ्यात निकडीची होती. १ जुलै २०२३ ला शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. १७ राज्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं लक्ष्य. चंद्रपूरला रक्ताच्या आनुवंशिक आजारांचं केंद्र उभं राहिलं. माझा आक्षेप एवढाच की अभियानाचा नकाशा आदिवासीबहुल भागांवरून आखलेला आहे. महालाच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहणारं, ना आदिवासी ना खेड्यातलं असं एसएस लेकरू त्या नकाशात सहज दिसत नाही. त्याला शोधायचं तर चारही खात्यांच्या प्रसूतिगृहांत आणि बालरोग विभागांत एकच कार्ड, एकच क्रमांक चालला पाहिजे. तंत्र अवघड नाही. खातं कुणाचं एवढाच प्रश्न आहे.

तोवर वाचकांपैकी विदर्भातल्या, आणि विदर्भाशी सोयरीक जुळवणाऱ्या प्रत्येकाने एक करावं. लग्न ठरवताना दोघांचीही सिकलसेल तपासणी करून घ्यावी, जात कोणतीही असो. ते राहून गेलं असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या नोंदणीलाच बाईची तपासणी मागावी, आणि तिचा पॅटर्न एएस निघाला तर त्याच आठवड्यात नवऱ्याची. दोघंही एएस असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता एसएस बाळाची असते, आणि गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून होऊ शकते. पाचव्या महिन्यात विचारायला गेलात तर हातात फार कमी उरतं. डागा, मेयो, मेडिकल, कुठेही जा. तपासणीला पैसे लागत नाहीत. आणि रिपोर्टवरचा पॅटर्न मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, पिशवीच्या भरवशावर राहू नका.